साथीचे नियम आणि वस्तीचे मन

साथ येते आणि जाते. मेलेल्यांची माणसे रडतात, वाचलेले कामाला लागतात. परंतु साथीच्या काळात ज्या गल्ल्या बांबू आडवे बांधून बंद झाल्या, जी काठी पाठीवर बसली आणि जो शिधा घरात आला, त्याची आठवण घराघरांत वर्षानुवर्षे राहते. कुणाच्या मनात ती रागाची असते, कुणाच्या मनात उपकाराची. आणि हे मन एका जागी कधीच राहत नाही. ज्याने पहिल्या दिवशी टाळ्या वाजविल्या, तोच दुसऱ्या महिन्यात बोटे मोडू लागतो. जी माउली लस म्हटली की दार लावून घेत होती, तीच चार महिन्यांनी पहाटे पाचला केंद्रावर पिशवी ठेवून नंबर लावते.

शिकलीसवरलेली माणसे याला 'लोकांचा लहरीपणा' म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. कचेरीतील कारकुनी सांभाळून आम्ही वस्तीत थोडेफार काम करतो. कोरोनाच्या दोन वर्षांत रेशनच्या याद्या केल्या, लसीच्या नोंदण्या केल्या, अंत्यविधीला चार माणसे जमत नव्हती तेव्हा खांदाही दिला. त्यातून आमचे एक मत पक्के झाले. वस्तीतील माणूस नियम ऐकतो तेव्हा मनात तीन प्रश्न विचारतो. पहिला, धोका खरोखर आहे काय? दुसरा, हा नियम सगळ्यांना सारखा आहे काय? आणि तिसरा, माझ्या चुलीचे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे जशी बदलतात, तसे त्याचे मन बदलते. त्यात लहर नाही, हिशेब आहे.

हा हिशेब आज मांडण्याचे कारण असे, की कोरोना ओसरल्यावर 'ते सगळे थोतांडच होते' असे बोलणे चौकाचौकांत ऐकू येते. या बोलण्याची किंमत कोण मोजतो, ते लेखाच्या शेवटी सांगू. त्याआधी थोडे मागे जाऊ.

नियम एकच, हात दोन

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचा रोगी ओळखला. रोग्याला घरातून काढून रुग्णालयात न्यायचे, असे सरकारने ठरविले. त्याच ऑक्टोबरात आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला. आत नेलेला माणूस परत येत नाही, एवढेच त्यांना दिसत होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. कायदा लहानसा, पण अधिकार अमर्याद. पुण्यात रँड या अधिकाऱ्याने गोरे सोजीर घराघरांत घुसविले. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही, बायामाणसांची अब्रू पाहिली नाही. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे.

पण त्याच साथीत, त्याच पुण्याच्या शिवारात आणखी एक गोष्ट घडली. सावित्रीमाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाला, तेव्हा माईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. माईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

वाचकहो, इथे क्षणभर थांबून विचार करा. रँड काय करीत होता? रोग्याला घरापासून दूर नेत होता. सावित्रीमाई काय करीत होत्या? त्याही रोग्याला घरापासून दूरच नेत होत्या. वैद्यकीय नियम एकच! पण एकाने सोजीर पाठविले आणि दुसरीने स्वतःची पाठ दिली. एकाच्या वाट्याला बंदुकीची गोळी आली, दुसरीच्या वाट्याला सव्वाशे वर्षांची कृतज्ञता. लोकांना नियम नको होता, असे म्हणणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

पुढे दोन-तीन वर्षांत इंग्रज सरकारलाही हे उमगले. घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण सैल झाले. त्यानंतर प्लेग महाराष्ट्रात अनेक वर्षे येत राहिला, पण लोकांची रीत पालटली. घरात उंदीर पडला, की माणसे आपणहून चूल-बोळकी उचलीत आणि गावाबाहेर शेतात छपरे घालून राहत. सरकारी छावणीला शिव्या घालणारी माणसे स्वतःच्या छपरात महिना-महिना काढू लागली. आमच्या आज्या-पणज्यांच्या तोंडून 'प्लेगात रानात राहिलो होतो' हे वाक्य ज्यांनी ऐकले असेल, त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल.

लसीचेही तसेच झाले. डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग लोक पुढे येऊ लागले. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीतील लसीने १९ माणसे धनुर्वात होऊन दगावली आणि लोकांची मने पुन्हा फिरली. विश्वास मिळवायला वर्षे लागतात, जायला एक बाटली पुरते. परंतु पुन्हा मिळवताही येतो. देवीच्या टोचणीला आपल्या पूर्वजांनी काय कमी विरोध केला? टोचणारा आला की पोरे धान्याच्या कणगीमागे लपवीत. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. आज पन्नाशीच्या माणसाच्या दंडावर टोचणीचा वण आहे आणि त्याच्या नातवाला देवीचा रोग ठाऊकही नाही.

सुरतेचा धडा

वाचकांपैकी अनेकांना १९९४ चा सप्टेंबर आठवत असेल. बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग दिसला आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आल्याची बातमी आली. खानदेशातील आणि नाशिक जिल्ह्यातील कितीतरी माणसे सुरतेच्या यंत्रमागांवर आणि गिरण्यांत कामाला होती. रातोरात लाखो लोक शहर सोडून निघाले. तोंडाला रुमाल बांधलेली माणसे रेल्वेला लोंबकळत गावी परतली आणि गावातल्यांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले.

त्या सुरतेत पुढच्याच वर्षी एस. आर. राव हे महापालिका आयुक्त आले. त्यांनी दंड लावले, अनधिकृत बांधकामे पाडली, सक्ती केली. मग लोक उठले का नाहीत? कारण कचरा झोपडपट्टीतूनही उचलला जाऊ लागला, गटारे कामगारांच्या गल्लीतही वाहू लागली, आणि पाडापाडी करताना श्रीमंतांच्या इमारतीही सुटल्या नाहीत. देशातील घाणेरड्या शहरांत गणले जाणारे सुरत थोड्याच वर्षांत स्वच्छ शहरांच्या यादीत गेले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय, सगळ्यांना सारखे' असे मिळाले, की गरीब माणूस कडक नियमही सोसतो. हे सुरतेने दाखविले.

टाळीपासून टाचेपर्यंत

आता आपल्या नाशिककडे येऊ. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने साथरोग कायदा लागू केला. होय, तोच १८९७ चा, रँडच्या काळातला! २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. सायंकाळी पाचला थाळ्या वाजल्या, आपल्या वस्त्यांतही वाजल्या. २५ मार्चपासून २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. मार्चच्या अखेरीस लासलगावजवळ जिल्ह्यातील पहिला रुग्ण सापडला आणि भीती दारात आली. त्या आठवड्यात गावोगावी वेशीवर काटेरी झुडपे टाकून रस्ते अडविले गेले, शहरात पोरांनी आपणच गल्ल्या बंद केल्या. कुणी सक्ती केली होती? कुणीच नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'धोका आहे' असे होते आणि 'एकवीस दिवसांचा तर प्रश्न आहे' अशी समजूत होती.

पण एकवीसचे चाळीस झाले, चाळीसचे साठाच्या पुढे गेले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगार, बांधकामावरचे मजूर, नाक्यावर उभे राहणारे बिगारी, धुणीभांडी करणाऱ्या भगिनी यांची मजुरी पहिल्याच दिवशी थांबली होती. आम्ही वाणिज्य शाखेचे, हिशेब मांडायची सवय. जनधन खाते असलेल्या भगिनीला केंद्र सरकारने एप्रिल ते जून दरमहा पाचशे रुपये दिले. पाचशेला तिसाने भागा. दिवसाला सोळा रुपये सहासष्ट पैसे! माणशी पाच किलो मोफत धान्य आले, त्याने उपास टळला हे कबूल केलेच पाहिजे. राज्याची शिवभोजन थाळी पाच रुपयांत मिळू लागली, तीही मोलाची. परंतु खोलीभाडे, गॅस, तेल-मीठ, औषध आणि ज्यांचे रेशनकार्डच गावाकडे होते त्यांचे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच मिळाले होते.

दुसऱ्या प्रश्नाचे तर उत्तरच नव्हते. एका धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी आम्हाला विचारले, "भाऊ, रोग आला विमानातून. मग सोसायटीच्या दारात मलाच का अडवतात?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मे महिन्यात मुंबई-आग्रा रस्त्याने माणसांची रांग लागली. कसारा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून, डोक्यावर बोचके आणि कडेवर लेकरू घेऊन उत्तरेकडचे मजूर पायी चालले होते. टाचा फुटलेल्या, चपला तुटलेल्या. रस्त्याकडेच्या वस्त्यांनी त्यांना भाकरी दिली, पाणी दिले, जुन्या चपला दिल्या. घरात राहा हा नियम मोडून दिल्या, हेही लक्षात घ्या. १ मे २०२० च्या रात्री नाशिकरोड स्थानकातून भोपाळसाठी मजुरांची विशेष गाडी सुटली, तेव्हा थोडा दिलासा वाटला. पण आठवड्याभरातच, ८ मे रोजी, औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. त्या दिवशी वस्तीतले टाळ्यांचे मन संपले. टाळेबंदी रोगासाठी आहे की गरिबांसाठी, असे लोक उघड विचारू लागले.

मालेगाव : शिव्या आणि शाबासकी

मन कसे पालटते ते पाहायचे तर आपल्याच जिल्ह्यातील मालेगाव पाहावे. एप्रिल २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात तेथे रुग्ण सापडले आणि पाहता पाहता गाव राज्यभर बदनाम झाले. दाटीवाटीची घरे, एका खोलीत आठ-दहा माणसे, यंत्रमाग बंद, खासगी दवाखान्यांची दारे बंद. बंदोबस्ताला आलेले राज्य राखीव दलाचे जवानही आजारी पडले. त्यात नुकतेच नागरिकत्व कायद्याचे वादळ होऊन गेलेले. दारात वही घेऊन येणारा माणूस रोगाची चौकशी करतो आहे की कागदपत्रांची, अशी शंका लोकांना आली तर नवल कसले? 'हे लोक ऐकतच नाहीत' असे बाहेरचे म्हणत होते. आपल्यापैकीही काही म्हणत होते. ज्यांना स्वतःला पिढ्यान्पिढ्या 'हे लोक' म्हणून हिणविले गेले, त्यांनी तरी असे म्हणू नये.

पुढे काय झाले? स्थानिक डॉक्टरांना बरोबर घेतले गेले. दवाखाने उघडले. मौलवींनी आवाहन केले. रमजानची नमाज घरात झाली, ईदही घरात झाली. युनानी काढा घरोघर उकळू लागला. त्या काढ्याने रोग जातो असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या माणसाने, आपल्या भाषेत, आपल्या हाती काही दिले याचा धीर आला. जूनपासून रुग्ण कमी झाले आणि ज्या मालेगावला शिव्या मिळत होत्या, त्याच मालेगावच्या 'पॅटर्न'ची वर्तमानपत्रांत चर्चा सुरू झाली. माणसे तीच, रोग तोच. फक्त विचारणाऱ्याची रीत बदलली होती.

पाच रुपयांची पावती

२०२१ उजाडले तेव्हा लोक बेफिकीर झाले होते. मास्क हनुवटीवर आला होता. मार्चमध्ये दुसरी लाट चढू लागली. बाजारातील गर्दी आवरावी, पूर्ण टाळेबंदीची वेळ येऊ नये, म्हणून मार्चअखेरीस नाशिक शहरात एक नियम आला. मुख्य बाजारपेठेत जायचे तर माणशी पाच रुपयांची पावती घ्यायची, तासाभरात बाहेर पडायचे, जास्त वेळ थांबल्यास पाचशे रुपये दंड. हेतू वाईट नव्हता. पण किलोभर कांदे घ्यायला आलेल्या मजुराला वाटले, माझ्या श्वासावर कर लावला. व्यापारी नाराज झाले, लोकांनी थट्टा केली, आणि हा नियम फार दिवस टिकला नाही.

त्याच आठवड्यात, ३१ मार्च रोजी, ऑक्सिजनची नळी लावलेले दोन रुग्ण खाट मिळत नाही म्हणून महापालिकेच्या दारात येऊन बसले. त्यातील एकाचे दुसऱ्या दिवशी निधन झाले. आता सांगा, बाजाराच्या तोंडाशी पावती फाडायला माणूस आहे आणि रुग्णाला खाट नाही, हे दृश्य पाहून लोकांनी काय समजावे? २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. शहर सुन्न झाले.

आणि इथेच मन पुन्हा फिरले. २०२० मध्ये टाळेबंदीला वैतागलेले लोक मे २०२१ मधील कडक निर्बंधांना फारसे बोलले नाहीत. आपणहून दुकाने ओढून घेतली. काठी अधिक जोरात बसली म्हणून नव्हे, तर प्रत्येक गल्लीत एकतरी घर रडत होते म्हणून. शिवाय या वेळी सरकारने निर्बंधांबरोबरच मदतही जाहीर केली होती. शिवभोजन थाळी मोफत झाली, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार भगिनी आणि फेरीवाल्यांना दीड हजार रुपये देण्याचे ठरले. ज्यांची नोंदणीच नव्हती ते राहिले, हा दोष होताच. परंतु आधी शिधा आणि मग नियम, हा क्रम कुणाला तरी सुचला होता.

जयंती घरात, जयंती रस्त्यावर

आपल्या समाजाचेच उदाहरण घ्या. १४ एप्रिल २०२० ची जयंती घरात झाली. आपल्याच नेत्यांनी, संस्थांनी आवाहन केले होते. मिरवणूक नाही, डीजे नाही, दारात दिवे आणि घरात वंदना. वर्गणीच्या पैशातून अनेक मंडळांनी शिधा वाटला. त्या वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न जाण्याचे आवाहनही बहुसंख्यांनी पाळले. ज्या समाजाला वर्षातून एकदा दादरला गेल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने घरातून अभिवादन केले! कुणी काठी दाखविली नव्हती.

२०२१ ची जयंतीही घरातच झाली. त्याच १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यात संचारबंदी लागली. पण त्या वर्षी मनात सल होता. हरिद्वारला कुंभमेळ्याची गर्दी दिसत होती, बंगालात निवडणुकीच्या सभा दिसत होत्या. आमची जयंती घरात आणि त्यांची गर्दी मैदानात, हा सवाल तरुणांनी केला. सवाल योग्यच होता. तरी बहुतेकांनी नियम पाळला, कारण वस्तीतील माणसे जाताना डोळ्यांनी पाहिली होती. २ एप्रिल २०२२ रोजी राज्याने सर्व निर्बंध उठविले आणि त्या वर्षीची जयंती रस्त्यावर निळ्या गुलालात झाली. नियमाचा काळ संपला तेव्हा तो संपला असे जाहीर झाले, हेही महत्त्वाचे. ज्या कुंपणाला शेवट नसतो, ते माणूस तोडतोच.

लस : भीती, रांग आणि कंटाळा

१६ जानेवारी २०२१ पासून लस सुरू झाली, मार्चपासून ज्येष्ठांना मिळू लागली. वस्तीत अफवांचे पीक होते. लस घेतली की मूल होत नाही, लस घेतली की दोन वर्षांत माणूस जातो! केंद्रे ओस पडली होती. एप्रिल-मेमध्ये मरण जवळून पाहिल्यावर तीच माणसे रांगेत आली आणि तेव्हा लसच संपली होती. अठरा वर्षांवरील तरुणांना तर मोबाइलवरून नोंदणी केल्याशिवाय लस नव्हती. शहरातील मोटारवाले वेळ साधून खेड्यातील केंद्रांवर लस घेऊन येत आणि गावातील माणूस दारात उभा राही. आम्ही विहाराच्या ओट्यावर टेबल टाकून, कॉलेजच्या पोरांचे मोबाइल घेऊन नोंदण्या केल्या. त्या वेळी लसीवरचा अविश्वास कुठल्या कुठे पळाला होता. तक्रार एकच होती, 'आम्हाला का नाही?'

हे मन वळविण्यात सर्वांत मोठा वाटा आशा ताईंचा आणि अंगणवाडी सेविकांचा. ऊन-पावसात त्या दारोदार गेल्या, शिव्या खाल्ल्या, पुन्हा गेल्या. त्यांच्याच श्रमावर सरकारने आकडे मिरविले आणि त्यांना मात्र १५ जून २०२१ पासून मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. जिच्या शब्दाखातर वस्ती दंड पुढे करते, तिला पोटभर मानधन नको काय?

राग कुणावर काढायचा?

आता लेखाच्या सुरुवातीला ठेवलेल्या गोष्टीकडे येतो. साथ ओसरली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. भीती गेली, राग मात्र राहिला. पोलिसांच्या काठीचा राग, बुडालेल्या मजुरीचा राग, खाटेसाठी फिरविल्याचा राग. हा राग खोटा नाही. पण काही घरांत तो भलतीकडेच वळला. 'सगळ्या लसी सारख्याच, आता कशालाच टोचायचे नाही,' असे म्हणणारी माणसे आम्हाला भेटतात.

त्याचा परिणाम पाहा. टाळेबंदीच्या काळात लहान बाळांच्या नेहमीच्या लसी चुकल्या, नंतर काही आईबापांनी टाळल्या. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडी भागात, भिवंडीत आणि आपल्या मालेगावात गोवराची साथ आली. मुंबईत बालके दगावली. ज्या रोगावर अनेक वर्षांपासून लस आहे, त्या रोगाने! राग होता सरकारवर आणि शिक्षा झाली पाळण्यातल्या लेकराला. 'थोतांड' या शब्दाची किंमत ती ही.

बंधू-भगिनींनो, सरकारला जाब विचारायलाच हवा. पुढची साथ येईल तेव्हा हे तीन प्रश्न मोठ्या आवाजात विचारा. धोका किती, ते आम्हाला समजेल अशा मराठीत सांगा. नियम बंगल्याला आणि झोपडीला सारखा ठेवा. आणि दार बंद करायला सांगण्याआधी घरात शिधा पोचवा. सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ रोजी सांगितले आहे, की कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. म्हणजे निर्णय आपला आहे. मग तो रागाने का घ्यायचा? समजून घेऊ या.

आज घरी गेल्यावर एक काम करा. बाळाचे लसीकरणाचे कार्ड शोधा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो. चुकला असेल तर लाजू नका, आशा ताईंना विचारा, त्या वाट दाखवतील. शेजारच्या घरात तान्हे मूल असेल तर त्यांचेही कार्ड विचारा. कुणी कुरकुर केली, तर वाद घालू नका. मुंढव्याच्या त्या पोराची गोष्ट सांगा, आणि केंद्रावर जाताना त्यांच्याबरोबर चार पावले चाला.